मी तळं झाले होते

रंगभूमीवरचं माझं पहिलं काम तळ्याचं. पुढे मी राणी झाले, म्हातारी झाले, एकदा तर ऐनवेळी गडी आला नाही म्हणून मिशी चिकटवून तलाठीही झाले. पण तळ्याएवढी मोठी भूमिका मला पुन्हा मिळाली नाही. आकारानं म्हणते मी. आईचं निळं नऊवारी लुगडं पसरलेलं, चार कोपऱ्यांवर चार विटा, आणि त्याच्याखाली पालथी पडलेली मी. संवाद एकही नाही. फक्त पाठ वरखाली करून लाटा काढायच्या. "हळू गं मंदा, हळू," असं ठोंबरे सर मला रोज बजावायचे. "तळं आहेस तू, पूर नाहीस."

आमचं धामणखेड म्हणजे नगरपालिका असलेलं गाव, आणि हे आम्ही बाहेरच्या माणसाला पहिल्या वाक्यात सांगायचो. वर्ध्याहून निघालेली एस.टी. गचके देत तळेगावच्या दिशेला लागली की मध्ये कुठेतरी, झोप लागायच्या बेतात असताना, आमचं गाव यायचं. उत्तरेला सागाची टेकडी, दक्षिणेला पावसाळ्यापुरती नदी, आणि मधल्या खोलगटात तळं. तळ्याच्या पाळीवर, म्हणजे मातीच्या बांधावर, चिंचेची झाडं. पाळीच्या एका टोकाला मातीची ढासळलेली गढी, दुसऱ्या टोकाला कापसाच्या जिनिंगची चिमणी. गढीवर बकऱ्या चढायच्या आणि चिमणीवर कबुतरं बसायची. छोट्या गाडीचं, म्हणजे नॅरोगेजचं, स्टेशन गावाच्या पार पाठीमागे होतं, पण गाडी आल्यापासून गावानं हळूहळू तिकडे तोंड केलं आणि तळ्याकडे पाठ. दुकानांच्या पाट्या स्टेशनाकडे, कचरा तळ्याकडे. माणसं जशी पाहुण्याकडे बघून हसतात आणि घरच्यांवर खेकसतात, तसंच ते.

बाबा त्याच नगरपालिकेत जन्म-मृत्यूच्या टेबलावर होते. गावात कोण आलं आणि कोण गेलं ते आमच्या घरी आधी कळायचं. पण बाबा इतके अबोल की त्यांना ही मौज वाटून घेता यायची नाही. आई विचारायची, "आज कोन?" बाबा पानातल्या चटणीकडे बघत म्हणायचे, "एक आला. गेलं कोनी नाई." झाली बातमी. बोलायचं काम घरात आई आणि मी करायचो. त्या वर्षी थोरल्या कुसुमताईचं लग्न ठरलं होतं, त्यामुळे घराला आवाजच आवाज होते. उखळात मिरच्या कुटल्याचा, जात्याचा, शेजारणींच्या शिंकांचा. माळवदावर पापड वाळत असायचे आणि कावळ्यांना हाकलायचं काम माझ्याकडे होतं. मी ते काम भाषणं करून करायची. तुरीचा हंगाम होता. ओल्या शेंगा सोलून, सोले, म्हणजे ते हिरवे दाणे, वाटून, लसणाची फोडणी देऊन आई भाजी करायची ती ज्वारीच्या गरम भाकरीवर घ्यायची. आजही डोळे मिटले की आधी ती भाजी दिसते, मग माणसं दिसतात. वय झालं की आठवणींचा क्रम पोट ठरवतं.

त्याच माघात नगरपालिकेचा रौप्यमहोत्सव आला. नगराध्यक्ष भाऊसाहेबांनी ठरवलं की शाळेच्या मुलांनी 'आपले गाव' असं नाटक करावं, भूगोल आणि इतिहास दोन्ही त्यात यावेत. लिहायला अर्थात ठोंबरे सर. सर हेच दोन विषय शिकवायचे आणि दोन्हींवर त्यांचं खरं प्रेम होतं. शुद्ध बोलायचे, पण संतापले की वऱ्हाडीवर यायचे. त्यांनी सगळा भूगोल मुलांच्या अंगावर चढवायचं ठरवलं. लठ्ठ गजानन सागाची पानं बांधून बाकावर उभा राहिला, तो टेकडी. तिघी मुली ओढण्या हलवत पळायच्या, त्या नदी. सगळ्यांत उंच प्रभाकर डोक्यावर धुपाटणं घेऊन उभा, तो जिनिंगची चिमणी. धूप पेटला की त्याला ठसका लागायचा आणि चिमणी खोकायची. एक जण शिट्टी तोंडात धरून स्टेशन. आणि मी तळं.

इतिहासासाठी सरदार होता. गावात सांगतात ती गोष्ट अशी: नागपूरच्या राजांचा एक सरदार घोड्यावरून आला, त्याला इथे ओसाड माळ दिसला, त्यानं तळं खोदलं, गढी बांधली, गाव वसवलं. त्या सरदाराचे वंशज म्हणजे आमचे भाऊसाहेब, म्हणून सरदाराचं काम भाऊसाहेबांच्या विलासला. चादरीखाली दोन पोरं वाकून चालायची, तो घोडा. पुढच्या पोराला चालायची घाई आणि मागच्याला गुदगुल्या, त्यामुळे घोडा रंगमंचावर येईपर्यंत लांबत जायचा.

राहता राहिला ओसाड माळ. ते काम सरांनी रुक्मा मडावीला दिलं. रुक्मा माझ्याच बाकावर बसायची. तळ्याच्या खालच्या अंगाला त्यांचं शेत होतं आणि पाळीच्या कोपऱ्यावर घर. बोलायची कमी, पण बोलली की शब्द मोजून टाकल्यासारखा. सर म्हणाले, "तू शांत मुलगी आहेस, तुला जमेल. तपकिरी घोंगडी पांघरून झोपायचं. सरदार तुझ्यावरून चालत जाईल. हळूच जाईल."

रुक्मानं विचारलं, "अन् मंग?"

"मग काय? मग गाव वसतं. तू घोंगडी घेऊन आत जायचं."

माझी तक्रार निराळीच होती. पहिल्या तालमीत सरांनी मला सुरुवातीपासून पसरून ठेवलं होतं, कारण लुगडं आणि विटा मांडायला वेळ लागायचा. विलास आला, घोड्यावरून उतरला, मला ओलांडून पुढे गेला आणि आरोळी दिली, "अरेरे! इथे पाण्याचा थेंब नाही!" सगळा भूगोल हसला. टेकडी तर बाकावरून पडली. सरांनी कपाळाला हात लावला आणि मला गुंडाळून टेकडीमागे ठेवायचा हुकूम केला. सरदारानं 'तळे खोदा!' म्हटलं की मग मी बाहेर यायचं. नाटकातलं पहिलं तळं पहिल्या अंकात बाकामागे! कोणत्या कलावंताला हे सोसेल?

आता इथे थोडं थांबून आमच्याकडची एक रीत सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. धामणखेडात कोणाच्याही घरी लग्न निघो, कोणत्याही जातीचं असो, मांडवाची पहिली घागर तळ्याची. आणि ती घागर आपण भरायची नाही. घरच्या बायकांनी नारळ, खण आणि ओंजळभर तांदूळ घेऊन मडाव्यांच्या दारात जायचं. मग त्या घरच्या सुनेनं पायऱ्या उतरून, पाळीतल्या बिनशेंदराच्या दगडाला हात लावून, स्वतःच्या हातानं पाणी भरून द्यायचं. त्याच पाण्यात हळद भिजायची. हे का, असं कोणी विचारलेलं मी ऐकलं नव्हतं. कढीला फोडणी का, असं कोण विचारतं? फार म्हातारी माणसं सांगायची की गोंड राजांच्या काळी जो तळं बांधेल त्याला त्या पाण्यावर भिजणारी जमीन मिळायची, आणि मडावी मूळचे गोंडच. पण ते पारावर, तंबाखू मळता मळता. शाळेत नाही.

तर घोंगडी आणायला मी रुक्माच्या घरी गेले. तिची आई, सोनाबाई, ओसरीवर तूर पाखडत होती. काळीसावळी, उंच, हातांत चांदीची जाड कडी. तिनं सूप थांबवलं. "घोंगडं कायले पायजे वं?"

झालं. प्रेक्षक मिळाला. मी पदर खोचल्याचा आविर्भाव करून अख्खं नाटक ओसरीवर उभं केलं. खोकणारी चिमणी झाले, पडणारी टेकडी झाले, घोड्याचं पुढचं आणि मागचं पोर दोन्ही झाले. सोनाबाई डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसली. "अन् आमची रुक्मी काय हाये त्याच्यात?"

"माळ."

"माळ?"

"ओसाड माळ. ते घोंगडं घेऊन झोपते अन् सरदार तिच्यावरून चालते."

सोनाबाईचं हसू तिथल्या तिथे राहिलं, पण चेहरा हसायचा थांबला. "कोनी राह्यत नाई माळावर?"

"कोनीच नाई. मंग सरदार तळं खोदते. मले मागून आनते, काकू! पहिल्यापासून ठेवतच नाई!" मी माझं दुःख मांडलं.

"असं," ती म्हणाली. सूप उचललं. रुक्मा दाराशी उभी होती, तिच्याकडे बघून म्हणाली, "घोंगडं देऊन दे तिले." आणि तूर पाखडायला लागली. फक्त आता दाणे जरा जास्त उंच उडत होते.

अजूनही ताई मला विचारते, "मुद्दाम केलं होतंस ना?" मी म्हणते, कलावंताला ओसरी मिळाली की तो थांबत नाही, एवढंच माझं म्हणणं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई नारळ-खण घेऊन मडाव्यांकडे गेली. मी शेपटासारखी मागे. मांडव पाच-सहा दिवसांवर आला होता. सोनाबाईनं पाट दिला, चहा केला, ताईच्या सासरची विचारपूस केली. नारळाला मात्र हात लावला नाही.

"मंग कवा येऊ घागर घेऊन?" आईनं विचारलं.

"कायले येता बाई?"

आईला वाटलं, थट्टा आहे. "कायले म्हंजे? पान्याले."

"कोन्या पान्याले? इथं तं ओसाड होतं म्हन्ते ना. कोनीच राह्यत नव्हतं. मंग मी कुठची?" आवाज अगदी शांत, जसं एखाद्याला रस्ता सांगावा. "तळं त्या घोडेवाल्यानं खोदलं. त्यालेच मांगा पानी. राग नाई हो माहा. चहा घ्या, थंडा होऊन राह्यला."

आई घरी आली ती बसलीच. ताई आतून ओरडली, "काय झालं वं आई?" आईनं माझ्याकडे पाहिलं, आणि मला एकदम कावळे हाकलायची आठवण झाली. माळवदावरून मी सगळं ऐकत होते. ताई रडत होती, की पाण्यावाचून मांडव कसा, सासरचे काय म्हणतील, अपशकुन तो अपशकुन. मग आई म्हणाली, "तुमच्या पालिकेचा महोत्सव अन् माह्या पोरीचं लगन बुडालं!" तेव्हा बाबांनी त्या दिवसातलं त्यांचं एकमेव वाक्य उच्चारलं, "एकट्या आपलंच नाई बुडत."

खरंच होतं. ते लग्नाचे महिने. आईनं फक्त शेजारी सांगितलं. शेजारणीच्या भाच्याचं फाल्गुनात होतं. तिनं पुढे सांगितलं. दुपारच्या भोंग्यापर्यंत, म्हणजे जिनिंगमधली माणसं जेवायला सुटेपर्यंत, ज्या ज्या घरात लग्नाचं पोर होतं त्या त्या घरात बातमी पोचली होती. त्या दिवशी गावातले पुरुष पानावर बसले, पण फार कोणी पोटभर जेवले नाहीत. भाऊसाहेबांच्या पुतणीचं लग्न वैशाखात होतं. आणि ठोंबरे सरांच्या स्वतःच्या धाकट्या बहिणीचं तर आमच्या ताईनंतर लगेच.

संध्याकाळी तालमीला भाऊसाहेब आले. टोपी काढून खुर्चीत बसले, पुन्हा घातली. "सर, तो पहिला जो प्रवेश हाये..."

"उत्तम बसलाय साहेब."

"बसला हो. जरासा उठवता येईन काय?"

सर ताठ झाले. "साहेब, इतिहास आहे हा. इतिहास म्हणजे कढी आहे का, पाहुणे वाढले म्हणून पातळ करायला?"

"पातळ नका करू. त्याच्यात मडाव्यांले टाका."

"पुरावा?"

भाऊसाहेबांनी खिडकीतून तळ्याकडे हात केला. "सर," ते म्हणाले, "आमच्या घरच्या चार पिढ्यांच्या सुना त्याइच्या हातच्या पान्यानं आल्या. मी लहानपनापासून पाहून राह्यलो. सरदारानं तळं खोदलं असतं तं पानी आमी नसतं वाटलं?"

सर बोलायला तोंड उघडून तसेच राहिले. मग खुर्चीवर बसले आणि अस्सल वऱ्हाडीत म्हणाले, "माह्या बी ध्यानात नाई आलं लेकाचं." मला आजही सरांचं कौतुक वाटतं ते या वाक्यासाठी. पुष्कळ शिकलेली माणसं पुढे मी पाहिली. तोंड उघडून मिटताना मात्र फार थोडी पाहिली.

नवीन प्रवेश सरांनी तिथेच, वर्गाच्या फळ्यावर लिहिला. घोंगडी गेली. पडदा उघडताच तळं पसरलेलं (मी!), काठावर घागर घेऊन रुक्मा उभी. सरदार येतो, घोड्यावरून उतरतो आणि म्हणतो, "बाई, फार तहान लागली आहे. पाणी मिळेल का?" रुक्मा हात जोडून म्हणते, "घ्या महाराज, हे तळे आपलेच आहे." मग पुढे सगळं पहिल्यासारखं. रुक्मानं फळ्यावरचं वाक्य वाचलं. दोनदा वाचलं.

पण सोनाबाईकडून काही निरोप आला नाही. आई पुन्हा गेली नाही. तिला पुन्हा 'कायले येता' ऐकायचं नव्हतं. नाटकाच्या दुसऱ्या दिवशी मांडव होता. नाटकाच्या दिवशी ताईनं काही खाल्लं नाही.

दिवेलागणीला शाळेच्या मैदानावर गाव जमलं. पुढे सतरंज्यांवर बाया एका बाजूला, पुरुष एका बाजूला, मागे बैलगाड्या. मी लुगड्याखाली गेले तेव्हा विणीतून सगळं निळं निळं दिसत होतं. तिसऱ्या ओळीत आई आणि ताई, आणि त्यांच्यापासून चार बायका सोडून सोनाबाई. हिरवं लुगडं, हातांत कडी, चेहऱ्यावर काहीच नाही.

पडदा उघडला. माझ्या लाटा उत्तम झाल्या, हे मी स्वतःच सांगते कारण दुसरं कोणी सांगितलं नाही. घोडा लांबत लांबत आला. विलास उतरला. "बाई! फार तहान लागली आहे! पाणी मिळेल का?"

रुक्मा काही बोलेना.

विंगेतून सर कुजबुजले, "घ्या महाराज..." मग जरा जोरात, "घ्या महाराज!" चिमणी खोकली. विलासनं पुन्हा विचारलं, आता खरोखरच घसा कोरडा पडल्यासारखं, "पाणी... मिळेल का?"

रुक्मानं त्याला खालून वर पाहिलं. घागर कमरेवर नीट घेतली. आणि म्हणाली, "थांबा जी. मायले विचारतो."

ती दोन पावलं पुढे आली, कंदिलांच्या उजेडापलीकडे डोळे बारीक करून पाहिलं आणि हाक मारली, "माय वं! हा पानी मांगून राह्यला. देऊ काय?"

मैदानावर आधी हसू फुटलं. मग ते एका बाजूनं विझत गेलं, कारण बायकांच्या लक्षात आलं की हे नाटक नाही. सगळ्या माना सोनाबाईकडे वळल्या. लुगड्याखाली मी श्वास धरला. तळं एकदम गोठलं. सोनाबाईनं पदर सारखा केला. घाई केली नाही. तिनं विलासकडे पाहिलं, मग आईकडे, मग आईच्या खांद्याला बिलगलेल्या ताईकडे.

"त्यानं मांगतलं ना?" ती म्हणाली. "मंग दे. मांगल्यावर नाई म्हनाची रीत नाई आपली."

रुक्मानं घागर कलती केली. तिच्यात खरं पाणी होतं! तालमीत नव्हतं. विलासची ओंजळ भरून ते माझ्या पाठीवर सांडलं आणि माघातल्या थंडीत तळं असं काही उसळलं की एक वीट उडून घोड्याच्या मागच्या पायाला लागली. पूर आला, सर. काय करू?

सकाळी आई घागर घेऊन गेली तेव्हा सोनाबाई पायरीवर आधीच उभी होती. नारळ घेतला, दगडाला हात लावला, घागर भरली. "उशीर केला बाई," एवढंच म्हणाली.

आता तळ्याभोवती लोखंडी कठडा आहे, बाकं आहेत, नळ घरोघरी आहेत. छोटी गाडी बंद पडली, त्यामुळे गावानं कोणाकडे तोंड करावं हे गावालाच कळेनासं झालंय. सोनाबाई जाऊनही पुष्कळ वर्षं झाली. रुक्मा सेवाग्रामला दवाखान्यात नर्स आहे, आणि लग्नसराईत रजा टाकून गावी येते. तिच्या भावजयीला पाण्याची भीती वाटते म्हणे. गेल्या वर्षी माझ्या मुलीचं लग्न निघालं, तेव्हा मी नारळ-खण घेऊन पाळीवर गेले. सुनांची रीत लेकीकडे कशी आली, ते मी विचारलं नाही.

"काय पायजे वं?" रुक्मानं पायरीवरून विचारलं.

"पानी."

"तळ्यानं तळ्याचं पानी मांगाचं? लाज नाई वाटत?"

आम्ही दोघी हसलो. मग मी घागर पुढे केली. ती घ्यायला तिनं हात लांबवला, पण थांबली.

"थांब," ती म्हणाली. "मायले विचारतो."

ती खाली उतरली आणि पाळीतल्या त्या बिनशेंदराच्या दगडावर हात ठेवून जरा वेळ तशीच उभी राहिली. चिंचेवरचे पोपट तेवढे बोलत होते. मग तिनं मान हलवली आणि घागर बुडवली.